पोटाकडून पाहिलेले विमान

माघातल्या एका रविवारी, घरातली सगळी मंडळी वामकुक्षीत असताना, मी कॅनबेरा विमानाचे धड करवतीने कापून त्याचे दोन तुकडे केले. विमान अर्थातच प्लॅस्टिकचे, एकास बहात्तर प्रमाणातले, आणि अजून पुरते जोडलेलेही नव्हते. तरीही ज्या किटसाठी भाचीला लंडनहून येताना बॅगेचा एक कोपरा मोकळा ठेवायला लावला होता, त्याच्यावर पहिल्याच बैठकीत करवत चालवताना हात जरा थांबला. कापण्याचे कारण चौदा इंचांचे होते.

कॅनबेराचा बी.२ हा मूळ बॉम्बर ६५ फूट ६ इंच लांब होता. त्याच विमानावरून छायाचित्र-टेहळणीसाठी केलेला पीआर.३ आणि त्याच्या पुढचा, अधिक ताकदीच्या इंजिनांचा पीआर.७ हे दोन्ही ६६ फूट ८ इंच लांब, कारण कॅमेऱ्यांच्या कप्प्यासाठी त्यांच्या धडात चौदा इंचांचा जादा भाग घातला होता. भारताने १९५७ मध्ये ज्या कॅनबेरा मागवल्या, त्यांत टेहळणीची आठ विमाने होती. ती पीआर.७ चीच भारतीय भावंडे, आणि त्यांचे नाव पीआर.५७. माझ्या हाती आलेले किट मात्र बॉम्बरचे होते. चौदा इंचांना बहात्तरने भागले की ४.९४ मिलिमीटर येतात, म्हणजे तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढी लांबी. बॉम्ब टाकणारे विमान आणि फोटो काढणारे विमान यांच्यात बाहेरून दिसणारा मुख्य फरक माझ्या टेबलावर तेवढाच उरत होता, आणि तो घातला नसता तरी घरी येणाऱ्या शंभर पाहुण्यांपैकी एकालाही कळले नसते. पण पुण्यात चूक काढणारा माणूस मुद्दाम शोधावा लागत नाही. माझ्या बाबतीत तर तो घरातलाच होता.

तो माणूस म्हणजे माझे मामा. ते हवाई दलात फोटोग्राफर ट्रेडला होते. १९६० च्या दशकातली काही वर्षे त्यांनी उत्तरेतल्या एका तळावर कॅनबेराच्या फोटो सेक्शनमध्ये काढली, आणि निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या पलीकडे, लोहगावच्या विमानतळाचा आवाज जिथे दिवसभर डोक्यावरून जातो अशा ठिकाणी घर बांधले. आज त्यांनी चौऱ्याऐंशी ओलांडली आहे. सुखोई उडाले की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, आवाज विरला की वाक्य पुढे सुरू करतो, आणि त्यात आपण काही वेगळे केले असे त्या भागात कुणालाच वाटत नाही. लहानपणी आम्ही भाचरे मामांना विचारत असू की तुमच्या फोटोंत काय दिसायचे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"जमीन."

"आणि?"

"आणखी जमीन."

यापलीकडे त्यांनी आजतागायत काही सांगितलेले नाही. सांगायचे ते सगळे अंधाऱ्या खोलीबद्दल: हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, नाकात बसणारा वास, थंडीत बधिर होणारी बोटे, ओल्या फिल्मवर पडलेल्या धुळीच्या एका कणामुळे अधिकाऱ्याला नसलेला रणगाडा दिसू नये म्हणून घ्यायची काळजी. मी मॉडेल करायला घेतले ते त्यांच्यासाठी, असे मी सगळ्यांना सांगत होतो. ते अर्धेच खरे होते. ज्या विमानाविषयी घरातला माणूस साठ वर्षे गप्प राहिला, ते विमान एकदा स्वतःच्या हाताने पुरते पाहावे, ही माझी उरलेली अर्धी इच्छा होती.

पाच मिलिमीटरची ती चकती मी मुदत संपलेल्या बँक कार्डांची केली. अशा कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. सहा कार्डे एकावर एक चिकटवली की ४.५६ होतात, आणि उरलेल्या फटीसाठी पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा एक थर पुरतो. कार्डांवरची उठावाची अक्षरे आधी घासून सपाट करावी लागतात, नाहीतर थरांत हवा राहते. ती घासताना माझे स्वतःचेच नाव चार वेळा पुसले गेले. चकती धडाच्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटर मोठी कापायची, पंखांच्या पुढच्या बाजूला दोन्ही तुकड्यांच्या मध्ये बसवायची, आणि मग जादा भाग कानशीने व वॉटर पेपरने उतरवायचा. चारशे नंबरचा पेपर, मग आठशे, मग बाराशे. कार्डाचे प्लॅस्टिक किटच्या प्लॅस्टिकपेक्षा चिवट असल्यामुळे कानस फिरताना मऊ भाग आधी झिजतो आणि कडेला एक अगदी बारीक उंचवटा राहून जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. डोळे मिटून अंगठ्याचे पोट फिरवले की कळतो. तीन रविवार मी डोळे मिटून ते धड चाचपत बसलो होतो, आणि चहा घेऊन आलेल्या बायकोने ते दृश्य पाहून काही न बोलता दार पुन्हा लोटून घेतले होते.

इथे प्रमाणाविषयी थोडे सांगायला हवे, कारण हा सगळा उद्योग त्या एका शब्दावर उभा आहे. आपल्याकडे प्रत्येकाच्या हातून लहानपणी एक मॉडेल घडलेले असते, ते म्हणजे दिवाळीतला किल्ला. अंगणात विटा रचायच्या, त्यांवर गोणपाट टाकायचे, चिखल थापायचा, अळीव पेरायचे, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे जागोजाग उभे करायचे. त्या किल्ल्यांत प्रमाण नावाची गोष्ट नसे. दिंडी दरवाजापेक्षा पहारेकरी उंच असे, गडाच्या पायथ्याच्या तळ्यात प्लॅस्टिकचे बदक बालेकिल्ल्याएवढे असे, आणि महाराज तर सिंहासनासकट सगळ्यात मोठे असत, जे योग्यच होते. आम्हाला त्यात काही खटकत नसे. खटकले ते एकट्या मामांना. ते एका दिवाळीत रजेवर आले होते. किल्ल्यापाशी उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ पाहिले, मग एका मावळ्याची उंची वितीने मोजली, बुरुजाची मोजली, आणि म्हणाले, "या हिशेबानं तुमचा मावळा तीस फुटी आहे. त्याला तटावरून उडी मारायची गरजच नाही, तो ओलांडून येईल." आम्ही त्यांच्यावर दोन दिवस रागावलो होतो.

एकास बहात्तर हे प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातून आले आहे. सहा फुटांचा एक इंच करायचा. उंचपुरा माणूस एका इंचात बसतो, म्हणून हे माप हाताला सोयीचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली लाकडी विमाने हजारोंनी करून घेतली गेली, तीही खेळण्यासाठी नव्हेत. तोफखान्यावरच्या आणि जहाजांवरच्या लोकांना दूरवरचे विमान आपले की शत्रूचे हे आकारावरून ओळखण्याचा सराव व्हावा, हा हेतू होता. पस्तीस फुटांवर टांगलेले असे मॉडेल साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते, कारण पस्तीस गुणिले बहात्तर म्हणजे अडीच हजार फूट. थोडक्यात, लहान केलेली वस्तू बरोबर अंतरावरून पाहिली की ती मोठी होते.

टेहळणीच्या फोटोचा हिशेबही हाच आहे, हे मला मामांनी या वर्षी, मॉडेल अर्धे झाल्यावर सांगितले. कॅनबेराच्या दिवसाच्या कामासाठी असलेल्या एफ.५२ कॅमेऱ्याला छत्तीस इंचांचे भिंग लावता येत असे. छत्तीस इंच म्हणजे तीन फूट. जमिनीपासून छत्तीस हजार फुटांवरून फोटो काढला तर छत्तीस हजारांना तीनने भागायचे, की फिल्मवरचे प्रमाण मिळते, एकास बारा हजार. सहा मीटर लांबीचा ट्रक अर्ध्या मिलिमीटरचा उमटतो आणि दोन किलोमीटरची धावपट्टी साडेसोळा सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त. मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला हा भागाकार करून दाखवला आणि पेन बंद करत म्हणाले, "म्हणजे आम्हीपण मॉडेलच करत होतो की. फक्त तुझ्यापेक्षा लहान."

मग जरा थांबून त्यांनी त्यातली खोचही सांगितली. माझ्या मॉडेलचे प्रमाण नाकापासून शेपटीपर्यंत एकच असते, फोटोचे तसे नसते. तिबेटमध्ये जमीनच पंधरा हजार फुटांवर आहे. त्याच उंचीवरून उडणाऱ्या विमानाखाली तिथे एकवीस हजार फूटच उरतात, आणि प्रमाण होते एकास सात हजार. त्याच चौकटीत एखादे शिखर आले तर त्याच्या माथ्याचे प्रमाण वेगळे आणि पायथ्याच्या दरीचे वेगळे. दरीतली एक मिलिमीटरची झोपडी शिखरावरच्या एक मिलिमीटरच्या झोपडीपेक्षा मोठी असते. म्हणून नुसती पट्टी लावून चालत नाही. लागोपाठचे दोन फोटो सुमारे साठ टक्के एकमेकांवर येतील असे काढतात, ते स्टिरिओस्कोपखाली शेजारीशेजारी ठेवतात, आणि दोन डोळ्यांनी दोन फोटो पाहिले की सपाट कागदातून डोंगर उठून वर येतो. "पहिल्यांदा बघणारा माणूस मान मागं घेतो," मामा म्हणाले. "नाकाला लागेल असं वाटतं." उंची मोजायचा दुसरा रस्ता सावलीचा. फोटोची वेळ आणि जागा ठाऊक असली की सूर्याचा कोन ठाऊक असतो, आणि मग सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. दुपारी बाराचा फोटो म्हणूनच त्यांच्या लेखी कमी उपयोगाचा. सावली नसली की वस्तू मुकी होते, असे ते म्हणत.

फोटोवरून मॉडेल आणि मॉडेलवरून हल्ला, असा हा उलटसुलट प्रवास प्रत्यक्षातही झालेला आहे. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मेडमनहॅम येथे हवाई दलाचे छायाचित्र-वाचनाचे केंद्र होते, आणि तिथे हवाई फोटोंवरून प्रदेशाच्या प्रतिकृती घडवणारा स्वतंत्र विभाग होता. त्याच केंद्रात काम करणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ च्या अखेरीस जर्मनीतल्या पेनेम्युंड्याच्या एका फोटोत चढत्या रुळांवर ठेवलेली, क्रॉससारखी दिसणारी इवलीशी आकृती ओळखली. ते जर्मनांचे व्ही-१ हे उडते अस्त्र होते. ते सारे फिल्मवरच्या एका ठिपक्याएवढे होते, आणि ते दिसले ते तिथे काय असायला नको हे ज्यांना पाठ होते त्यांना.

कॅनबेरा हे त्या परंपरेतले जेट युगातले पहिले मोठे नाव. त्याचे पहिले उड्डाण १३ मे १९४९ चे, आणि रचनाकार डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर. मॉडेल हातात घेतले की पेटर यांचा विचार चटकन कळतो. पंख सुपासारखे रुंद आणि सरळ आहेत, आणि त्यांच्या मधोमध रोल्स-रॉइसच्या एव्हॉन इंजिनांची दोन नळकांडी. हे पंख वेगासाठी नव्हेत, उंचीसाठी आहेत. विरळ हवेतही भार पेलावा म्हणून त्यांना एवढा पसारा दिला. टेहळणीच्या कॅनबेरावर एकही तोफ नव्हती. बॉम्बच्या जागेत इंधन आणि रात्रीच्या फोटोंसाठी लागणारे प्रकाशगोळे. वैमानिक आणि नॅव्हिगेटर अशा दोन माणसांना जिवंत परत येण्यासाठी उंची हीच एक ढाल. ती नेहमी पुरली असे नाही. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, रावळपिंडीजवळ आपले असे एक विमान पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ विमानाने पाडले, आणि दोघे अधिकारी पॅराशूटने उतरून पकडले गेले. चाळीस वर्षांनी, २१ मे १९९९ ला, कारगिलमध्ये आपले हवाई हल्ले सुरू होण्याच्याही आधी, तिथल्या डोंगरांवर फोटो काढणाऱ्या कॅनबेराच्या इंजिनाला खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राचा फटका बसला. ते विमान मात्र एका इंजिनावर परत आले. १९४९ साली पहिल्यांदा उडालेले विमान १९९९ मध्ये युद्धभूमीवर होते, आणि ते निवृत्त झाले थेट २००७ मध्ये, आग्र्याला. अमेरिकेत मार्टिन कंपनीने हेच विमान बी-५७ या नावाने बांधले, पाकिस्तानने ते घेतले, आणि १९६५ च्या युद्धात दोन्ही बाजूंना एकाच मुशीतली विमाने उडत होती. नासाकडे त्यातली काही अजून उडतात.

पुण्यातल्या जुन्या माणसांना कॅनबेरा हा शब्द वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यातल्या दाभोळीची धावपट्टी निकामी करायला बारा कॅनबेरा गेल्या त्या पुण्याहून. ते बॉम्बर होते. पण टेहळणीच्या माणसांचे नाव फारसे कुणी घेत नाही, आणि जगमोहन नाथ यांचे नाव पुण्यात दहा जणांना विचारले तर कदाचित एकाला सांगता येईल. १०६ स्क्वाड्रनच्या या वैमानिकाने १९६२ च्या आधी अक्साई चीन आणि तिबेटवर पुन्हापुन्हा उड्डाणे करून चिनी सैन्याच्या जमवाजमवीचे फोटो आणले, आणि १९६५ मध्ये पाकिस्तानवर. त्यात लाहोरपुढच्या इच्छोगिल कालव्याचेही फोटो होते. दोन्ही युद्धांसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले, आणि दोनदा महावीर चक्र मिळवणारे ते पहिलेच अधिकारी ठरले. १९६२ मधल्या त्यांच्या फोटोंचा त्या वेळी पुरेसा उपयोग झाला नाही, ही खंत त्यांनी पुढे जाहीर मुलाखतींत बोलून दाखवली होती. पाहणाऱ्याने पाहिले तरी ऐकणाऱ्याने ऐकावे लागते. मामांपुढे हा विषय मी एकदा काढला होता. ते उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले.

आता परत टेबलाकडे. धड जुळल्यावर पृष्ठभागावरच्या पत्र्यांच्या रेघा नव्याने कोराव्या लागल्या, कारण घासकामात त्या सगळ्या गेल्या होत्या. शिवणाची सुई पेन्सिलीच्या धारकात बसवून, कडक टेपच्या पट्टीचा आधार घेत, एकच रेघ न दाबता दहा वेळा ओढायची. पहिल्याच ओढीत खोल जाण्याचा मोह केला की सुई घसरते, आणि धडावर मांजराने ओरबाडल्यासारखा ओरखडा उठतो. माझ्या विमानावर असे दोन ओरखडे आहेत. पुट्टीखाली गेले असले तरी मला ते ठाऊक आहेत. इंजिनांच्या तोंडाशी असलेली टोपीही बदलावी लागली. पीआर.७ ची इंजिने काडतूस उडवून सुरू होत, आणि तीन काडतुसांच्या यंत्रणेमुळे त्यांची ती फुगीर टोपी बी.२ पेक्षा मोठी दिसते. ती मी पेनाच्या जुन्या टोपणाच्या टोकापासून घडवली. ते काडतूस उडाले की काळ्या धुराचा लोट उठायचा आणि नवीन आलेला पोऱ्या आग लागली म्हणून बादली घेऊन धावायचा, ही मामांनी स्वतःहून सांगितलेली या विमानाची एकमेव गोष्ट.

नाकात वजन भरणे हे कॅनबेराचे खास दुखणे. तीन चाकांवर उभे राहणारे हे मॉडेल शेपटीला जड असते, आणि पुढे पुरेसे वजन नसले की चिमणीसारखे शेपूट टेकून बसते. नाकाचे टोक तर पारदर्शक असते, त्यामुळे तिथे काही लपवता येत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे चाकांना लावायचे शिशाचे जुने तुकडे पडलेले असतात. ते त्याने एका डब्यातून मूठभर काढून दिले आणि कशाला हवेत हे ऐकून पैसे घ्यायला नकार दिला. वैमानिकाच्या खुर्चीखाली, मागच्या पडद्याआड आणि दोन्ही इंजिनांच्या पुढच्या पोकळीत ते एम-सीलने घट्ट बसवले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पस्तीस ग्रॅम भरले.

मोठी चूक झाली ती वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या बाबतीत. घाई होती. गौरी-गणपतीच्या आत रंग पुरा करायचा असे मी स्वतःलाच वचन दिले होते, आणि म्हणून काचेला साधा संथ गोंद न लावता सुपरग्लू लावला. त्याच्या वाफा बंद जागेत कोंडल्या की काचेवर आतून पांढुरके धुके धरते. सकाळी पाहतो तर वैमानिकाला मोतीबिंदू झालेला. काच उचकटताना तिला तडा जाऊ नये म्हणून कडेने पाते सरकवत दीड तास गेला. मग टूथपेस्ट आणि बनियनचा मऊ तुकडा घेऊन ती आतून पुसत बसलो. धुके गेले, पण पूर्ण गेले नाही. उजेडाकडे धरले की डाव्या कोपऱ्यात अजून हलकी साय दिसते.

रंग चंदेरी. हे उघड्या धातूचे विमान नव्हे, चंदेरी रंग दिलेले विमान आहे, आणि या दोहोंतला फरक दाखवणे हीच कसोटी असते, कारण उघडा पत्रा जागोजाग वेगळा चमकतो आणि रंगवलेला सगळीकडे सारखाच, थोडा मंद. माझ्यापुढे होता तो मामांच्या ट्रंकेतला एक कृष्णधवल फोटो. तो विमानाचा नव्हताच. सहकाऱ्यांच्या रांगेमागे विमानाचा थोडासा भाग आला आहे इतकेच. आषाढात पुण्याची हवा ओली असते, आणि एअरब्रशने मारलेला रंग दमट हवेत वाळताना पांढरट पडतो. पहिला हात असा वाया गेल्यावर मी मूग भिजत घालतो तसा धीर धरून बसलो, आणि एका कोरड्या दुपारी खिडक्या लावून, टेबलाखाली शंभराचा बल्ब पेटता ठेवून दुसरा हात मारला. तिरंगी राउंडेलचे, म्हणजे हवाई दलाच्या गोल खुणेचे, डिकल (चिकटवायचे चित्र) बसवताना केशराखालचा पांढरा भाग पातळ निघाला आणि खालचा चंदेरी रंग त्यातून दिसू लागला, म्हणून दोन डिकल एकावर एक बसवले. जोडताना एक केसभर सरकले. कुणाला दिसत नाही, हे वाक्य मी या वर्षात फार वेळा उच्चारले आहे.

पोटाचे काम मी शेवटी केले आणि, खरे सांगायचे तर, उरकले. कॅमेऱ्यांच्या खिडक्यांसाठी छिद्रे पाडून त्यांत पारदर्शक अराल्डाइटचे थेंब सोडले, आणि झाकणांच्या रेघा अंदाजाने कोरल्या. संदर्भच नव्हता. विमानांचे फोटो लोक बाजूने काढतात, उडताना काढतात, नाकासमोर उभे राहून काढतात. टेहळणीच्या विमानाचे पोट कुणी टेहळत नाही. शिवाय चाकांवर उभ्या मॉडेलचे पोट कपाटाच्या फळीकडे असते.

गणपती झाल्यावर एका सकाळी बुटांच्या खोक्यात कापूस घालून मी ते विश्रांतवाडीला नेले. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. उजव्या डोळ्याने त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. खोके उघडून मी विमान त्यांच्या हातात दिले आणि वाट पाहत उभा राहिलो. सहा कार्डांची ती चकती, इंजिनांच्या टोप्या, दोनदा मारलेला रंग, आठ महिन्यांचे रविवार, सगळे वरच्या बाजूला होते. मामांनी विमान हातात घेतले आणि क्षणाचाही विचार न करता उलटे केले.

"भिंग आण आतून," ते म्हणाले.

डावा डोळा भिंगाला लावून ते बराच वेळ पोट पाहत होते. मध्ये एक सुखोई गेले, त्यांनी मान वर केली नाही. मग अंगठ्याचे नख एका रेघेवरून सावकाश फिरवत म्हणाले, "हे झाकण या बाजूनं उघडत नाही. बिजागरी इकडं. फिल्मचं मॅगझिन काढताना डोकं आपटायचं ते इथं." आणि त्यांनी कपाळावर, केसांच्या कडेला, बोट ठेवले. तिथे एक जुना व्रण आहे. लहानपणापासून आम्ही तो पाहत आलो आणि तो क्रिकेटचा असेल असे समजत आलो.

"वरून कसं दिसतं मामा?" मी शेवटी विचारलेच.

"वरून आम्ही कुठं बघायचो? आम्ही खाली. विमान यायचं, थांबायचं, आम्ही पोटाखाली घुसायचो. फिल्म काढली की पळत अंधाऱ्या खोलीत." मग खिडकीच्या एका थेंबावर त्यांनी पुन्हा भिंग धरले. "काच पुसली नाहीस."

ती काच पुसण्यासारखी नव्हती. अराल्डाइटमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला होता. तसे मी सांगितले. त्यांनी ऐकले, सदऱ्याचे टोक जिभेला लावून ओले केले आणि तो थेंब तरीही पुसला.

ते विमान आता त्यांच्या शोकेसमध्ये असते. जुन्या दिवाळी अंकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये शेपूट अडकवून, चाके वर करून मामा ते ठेवतात. मामींना हे पटत नाही. शेपूट मोडेल म्हणून धूळ पुसताना त्या ते सरळ करून ठेवतात, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उलटे झालेले असते. बिजागरीची रेघ मी अजून बदललेली नाही. त्यासाठी पोटावरचा रंग खरवडावा लागेल, आणि परतीचा पाऊस पुरता जाईपर्यंत चंदेरी रंगाची बाटली उघडायची नाही, असे मी ठरवले आहे.